एकच तार, तीन स्वभाव: नितिनॉल आणि तापमानाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय आहे एक धातू. तुमच्यापैकी कोणाच्या दातांना सध्या तार लावलेली असेल, तर एक गोष्ट कदाचित लक्षात आली असेल. गरम चहाचा घोट घेतला की दात जरा जास्त ओढल्यासारखे वाटतात, आणि बर्फाचं पाणी प्यायलं की तो ओढा एकदम हलका होतो. आपल्याला वाटतं, दात सेन्सिटिव्ह झालेत, दुसरं काय. पण काही तारांच्या बाबतीत हा भास नसतो. त्या क्षणी ती तार खरोखरच जास्त किंवा कमी जोर लावत असते.

ही तार असते निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची. त्याचं नाव नितिनॉल. आकार लक्षात ठेवणारे जे मिश्रधातू आहेत, ज्यांना शेप मेमरी अलॉय म्हणतात, त्यातला हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा. 'वाकवलं, गरम केलं, परत सरळ झालं' असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पण ती जादू म्हणजे या धातूची अर्धीच ओळख. उरलेली अर्धी अशी, की याची ताकद, कडकपणा, लवचिकता यातलं काहीही तापमान सांगितल्याशिवाय सांगताच येत नाही.

स्टीलशी तुलना करून बघा. १० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवलं तर स्टीलच्या कडकपणात जेमतेम एक-दोन टक्के फरक पडतो. म्हणून रोजच्या वापरात आपण तापमान विसरू शकतो. नितिनॉलमध्ये त्याच ५० अंशांत एकच तार मऊ, मग स्प्रिंगसारखी, मग आणखी कडक स्प्रिंग होऊ शकते. माझ्या भाषेत सांगायचं तर इथे तापमान हे फंक्शनचं मुख्य इनपुट आहे. ते न देता फंक्शन कॉल केलं, तर उत्तराला अर्थ नाही.

थंड पट्टी 'थड', गरम पट्टी 'टण्ण'

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, मेरीलँडमधल्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत. नितिनॉल हे नावही तिथलंच: निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं. विल्यम ब्यूलर नावाचे धातुशास्त्रज्ञ क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा मिश्रधातू शोधत होते. १९५९ मध्ये त्यांनी निकेल-टायटॅनियमच्या काही सळ्या ओतल्या. त्यातल्या थंड झालेल्या सळ्या जमिनीवर टाकल्या की शिशासारखा 'थड' असा मेलेला आवाज यायचा, आणि अजून गरम असलेल्या सळ्या घंटेसारख्या वाजायच्या. ब्यूलर यांनी गरम सळी पाण्याखाली धरून थंड केली, तर तिचाही आवाज मेला. उकळत्या पाण्यात तापवली, तर परत घंटा.

धातू तोच, फक्त तापमान वेगळं. आत काहीतरी बदलतंय हे त्यांना त्या आवाजावरूनच कळलं.

आकाराची आठवण मात्र नंतर दिसली. १९६१ मध्ये प्रयोगशाळेतल्या एका बैठकीत घड्या घातलेली पातळ पट्टी हातोहात फिरत होती. कोणीतरी सहज पाइप पेटवायचा लायटर तिच्याखाली धरला, आणि पट्टी आपोआप हलून आपल्या जुन्या आकारात आली.

आत नेमकं काय होतं?

संध्याकाळची विरार लोकल डोळ्यासमोर आणा. पाय हलवायला जागा नाही. गाडी वळणावर आली की सगळे एका बाजूला झुकतात. पण कोणी आपली जागा सोडत नाही, शेजारी तोच राहतो. वळण संपलं की सगळे परत सरळ.

नितिनॉलमधले अणू असेच वागतात. गरम असताना ते सरळ उभे असतात, चौकोनी घनासारख्या नीट रचनेत. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. थंड झालं की ते झुकतात. या झुकलेल्या अवस्थेचं नाव मार्टेन्साइट. गंमत अशी की नुसतं थंड केल्यावर काही रांगा डावीकडे झुकतात, काही उजवीकडे. बेरीज शून्य, म्हणून तारेचा बाहेरचा आकार बदलत नाही.

आता या एका चित्रातून तारेचे तिन्ही स्वभाव समजून घेऊ.

पहिला स्वभाव, थंड तार. रांगा आधीच झुकलेल्या आहेत. तुम्ही ओढलंत की उजवीकडच्या रांगाही डावीकडे झुकतात. याला फार जोर लागत नाही, म्हणून तार मऊ वाटते. सोडली तरी वाकलेलीच राहते, कारण सरळ व्हायचं काही कारणच नाही. तापवली की सगळे सरळ उभे, आणि शेजारी बदललेले नसल्यामुळे तार मूळ आकारात. हीच ती आठवण.

दुसरा स्वभाव, जरा गरम तार. सगळे सरळ उभे आहेत आणि त्यांना सरळच राहायचंय. तुम्ही जोरात ओढलंत तर नाइलाजाने झुकतात, पण हात सोडला की लगेच उभे. तार रबरासारखी ताणली जाते आणि परत येते. याला सुपरइलॅस्टिक वागणं म्हणतात. साधी स्टीलची तार अर्धा टक्का ताणली तरी बहुतेक वेळा कायमची लांब होते. नितिनॉल सहा ते आठ टक्के ताणून परत येतं.

तिसरा स्वभाव, खूप गरम तार. आता सरळ उभं राहण्याचा हट्ट इतका पक्का आहे की झुकवण्यासाठी प्रचंड जोर लागतो. तेवढा जोर लावेपर्यंत दादर स्टेशन येतं: माणसं चढतात, उतरतात, जागा बदलतात. अणू आपल्या जागेवरून घसरतात, आणि एकदा शेजारी बदलला की आठवण गेली. तार इतर कुठल्याही धातूसारखी कायमची वाकते.

सीमारेषा कुठे आहे? एक नाही, चार आहेत

'किती अंशांना बदलते?' या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. थंड होताना झुकायला सुरुवात होते ते एक तापमान, सगळे झुकून पूर्ण होतात ते दुसरं. तापताना सरळ व्हायला सुरुवात होते ते तिसरं, आणि सगळे सरळ झाले ते चौथं. या चौथ्याला ए-एफ म्हणतात. नितिनॉल विकत घेताना हाच आकडा सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण याच्या वर तार पूर्णपणे ऑस्टेनाइट असते.

जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी आहे, आणि साध्या नितिनॉलमध्ये या दोन वाटांत साधारण २५ ते ४० अंशांचं अंतर असतं. घरातला एसी आठवा. समजा तो २५ ला सुरू होतो आणि २३ ला बंद. मग खोलीत २४ अंश असताना तो चालू असेल की बंद? नुसत्या २४ वरून सांगता येणार नाही, आधी काय झालं ते माहीत पाहिजे. नितिनॉलचंही तेच. आत्ताचं तापमान पुरेसं नाही, तिथपर्यंत ती कुठून आली हेही लागतं.

एक अंश म्हणजे किती जोर?

आता आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. सुपरइलॅस्टिक अवस्थेत नितिनॉल झुकवायला लागणारा ताण प्रत्येक अंशाला साधारण ६ ते ७ मेगापास्कलने वाढतो. गरम करणं आणि ओढणं या एकमेकांविरुद्धच्या दोन शक्ती आहेत. गरम केल्यावर अणू सरळ होतात, ओढल्यावर झुकतात. त्यामुळे तापमान वाढलं की ओढही तेवढी वाढवावी लागते.

हिशोबाला सोपं पडावं म्हणून साडेसहा धरू. तोंडातलं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. उदाहरण म्हणून समजा, वाकवलेली तार परत सरळ होताना २०० मेगापास्कल ताणाने दाताला ढकलतेय. थंड पाण्याने ती १० अंशांवर आली, म्हणजे २५ अंशांची घसरण. २५ गुणिले साडेसहा, झाले सुमारे १६०. २०० मधून १६० गेले, राहिले ४०. जोर जवळजवळ संपला! उलट गरम चहाने ती ५० अंशांवर गेली, तर १५ अंशांचे सुमारे १०० मेगापास्कल वाढले. जोर दीडपट. चहा आणि बर्फाच्या पाण्याचा फरक इथून येतो.

आणि ती एसीवाली गोष्ट इथेही लागू आहे. थंड पाणी पिऊन झाल्यावर तोंड परत ३५ अंशांवर आलं, तरी तार लगेच आधीच्या जोरावर येईलच असं नाही, कारण परत येण्याची वाट वेगळी आहे.

याचा दातांच्या डॉक्टरांशी थेट संबंध आहे. जोर फार कमी असेल तर दात हलत नाही. फार जास्त असेल तर दुखतं आणि दाताच्या मुळाला इजा होऊ शकते. म्हणून तांबं मिसळलेल्या नितिनॉलच्या तारा २७, ३५ आणि ४० अंश अशा वेगवेगळ्या आकड्यांच्या मिळतात. २७ ची तार तोंडात कायम कामावर. ४० ची तार बहुतेक वेळ शांत, आणि गरम काही खाल्लं-प्यायलं की जागी होणारी, त्यामुळे नाजूक पेशंटसाठी सौम्य. तांब्यामुळे जाण्या-येण्याच्या वाटांमधलं अंतरही कमी होतं. तुमच्या तोंडात कुठली तार आहे, हे डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही. मात्र हे वाचून कोणी चहा पिऊन दात लवकर सरळ करायला जाऊ नका. जोर किती हवा हे डॉक्टरांनी ठरवलेलं असतं.

डेटाशीटवरचा आकडा आणि शरीरातली तार

हाच हिशोब थोडा गंभीर जागी लावून बघू. नितिनॉलचे स्टेंट असतात. आक्रसून नळीत भरतात, रक्तवाहिनीत सोडतात, तिथे ते स्वतःहून उघडतात. त्यांची ए-एफ शरीराच्या तापमानापेक्षा थोडी खाली ठेवतात, म्हणजे शरीरात ते कायम स्प्रिंग राहतात.

आता सुपरइलॅस्टिक नितिनॉल ओढून बघण्याची एएसटीएमची प्रमाणित चाचणी २२ अंशांना होते, आणि शरीर ३७ ला असतं. १५ अंशांचा फरक, म्हणजे सुमारे १०० मेगापास्कल. डेटाशीटवरचा आकडा तसाच उचलून शरीरातला जोर काढला, तर उत्तर मोठ्या फरकाने चुकेल. आकडा खोटा नसतो, तो फक्त दुसऱ्या तापमानाचा असतो.

बनवतानाही हीच डोकेदुखी. अणूंच्या हिशोबाने निकेल आणि टायटॅनियम साधारण निम्मं-निम्मं असतं. त्यात निकेल ५० टक्क्यांच्या वर ०.१ टक्का जरी वाढलं, तरी ही सगळी तापमानं १० अंश किंवा त्याहून जास्त खाली सरकतात. एक दशांश टक्का! त्यामुळे कारखान्यात वितळवण्यापासून नंतरच्या उष्णतेच्या प्रक्रियेपर्यंत सगळी धडपड असते ती ए-एफ पकडण्यासाठी.

तार स्वतःच गरम होते

इथे एक मजेशीर अडचण येते. सुपरइलॅस्टिक तार ताणली की अणू झुकतात, आणि झुकताना उष्णता बाहेर पडते. वाफेचं पाणी होताना पडते तशीच. हळू ओढलंत तर ती हवेत निघून जाते. झपकन ओढलंत तर निघायला वेळ मिळत नाही आणि तार काही अंश, कधी कधी २० अंशांपर्यंत तापते. तापली की आपला नियम आलाच: प्रत्येक अंशाला साडेसहा मेगापास्कल. म्हणून तीच तार, त्याच खोलीत, वेगाने ओढली की जास्त कडक वाटते.

सोडताना उलटं होतं, तार थंड पडते. यावरच गॅस न वापरता चालणारे फ्रिज बनवण्याचं संशोधन सुरू आहे.

तापमानालाच कामाला लावलं तर?

आत्तापर्यंत तापमान म्हणजे अडचण, असं वाटलं असेल. पण हुशार डिझाइनमध्ये तेच स्विच होतं.

१९७० च्या आसपास अमेरिकेच्या एफ-१४ लढाऊ विमानात हायड्रॉलिक पाइप जोडायला या धातूची कडी वापरली. कडी पाइपपेक्षा किंचित लहान बनवायची, द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांना, मोठी करायची आणि थंडच ठेवायची. पाइपवर सरकवली आणि सोडून दिली. खोलीच्या तापमानाला येताना ती आक्रसून पाइपला घट्ट बसते. वेल्डिंग नाही, स्क्रू नाही.

२००५ मध्ये बोइंगने ७७७ विमानाच्या इंजिनामागच्या करवतीसारख्या दात्यांवर नितिनॉलच्या पट्ट्या लावून चाचणी केली. उड्डाणाच्या वेळी पट्ट्या गरम असतात, दाते आत वाकतात आणि आवाज कमी होतो. उंचावर हवा थंड, दाते परत सरळ आणि इंधनाचं नुकसान नाही.

आणि तुमच्या हातातला फोन! काही स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यात केसापेक्षा बारीक नितिनॉल तारा लेन्स हलवतात. करंट दिला की तार तापून आखडते, थांबवला की थंड होऊन सैल पडते. इथे खरी मर्यादा असते ती थंड होण्याची. छंद म्हणून रोबोट बनवणाऱ्यांसाठी अशा तारा ७० आणि ९० अंशांच्या मिळतात. ९० ची का घ्यायची? खोलीच्या तापमानापासून ती जास्त दूर आहे, त्यामुळे झटपट थंड होते आणि पुढच्या हालचालीला लवकर तयार. मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांच्या उन्हात प्रोजेक्ट दाखवायचा असेल, तर हा फरक चांगलाच जाणवेल.

पुलाच्या खांबातली परीक्षा

अमेरिकेतल्या सिएटल शहरात एक उतरता पूल आहे. त्याच्या खांबांच्या वरच्या भागात नितिनॉलच्या सळ्या आहेत. भूकंपात खांब हलला की स्टीलच्या सळ्या कायमच्या वाकतात. माणसं वाचतात, पण पूल बंद पडतो. नितिनॉलच्या सळ्या ताणून परत येतात आणि खांबाला सरळ करतात. म्हणजे भूकंपानंतर ॲम्ब्युलन्स त्याच पुलावरून जाऊ शकते.

पण भूकंप काही हवामान बघून येत नाही. हिवाळ्यातल्या रात्री शून्य अंशांना आला, आणि सळीची ए-एफ त्याच्या वर असली, तर? सळी मऊ पडेल, वाकेल आणि वाकलेलीच राहील. पुलाला आपल्या चहासारखं कोण तापवणार? म्हणून अशा सळीची ए-एफ तिथल्या सगळ्यात थंड रात्रीच्याही खाली असावी लागते. उलट उन्हाळ्यातल्या ३५ अंशांना तीच सळी सुमारे २३० मेगापास्कलने जास्त कडक, म्हणजे खांबावर येणारा जोरही जास्त. इंजिनिअरला दोन्ही टोकांचा हिशोब करावा लागतो. एका सरासरी तापमानावर भागत नाही.

आणखी एक गोष्ट: आठवण झिजते. पुन्हा पुन्हा तापवून-थंडावून किंवा ताणून-सोडून आत बारीक दोष साठतात. ती चार तापमानं हळूहळू सरकतात आणि तार पूर्ण परत येत नाही. म्हणून जिथे लाखो फेऱ्या हव्यात, तिथे आठ टक्के ताणण्याची हौस सोडून खूपच कमी ताणतात.

घरी करून बघायचं असेल तर

ऑनलाइन नितिनॉलची तार मिळते. गरम पाण्यात सरळ होणारी अर्धा मिलिमीटर जाडीची घ्या. पेन्सिलीभोवती गुंडाळा, गरम पाण्यात सोडा, चिमट्याने धरा. पेन्सिलीपेक्षा बारीक वळण देऊ नका. पेन्सिलीवरच बाहेरची बाजू सहा-सात टक्के ताणली जाते, त्यापुढे अणू जागा बदलायला लागतात. सुपरइलॅस्टिक तार मिळाली, तर ती फ्रिजरमध्ये ठेवून, थंड असतानाच वाकवून बघा. बाहेर स्प्रिंगसारखी असणारी तार तिथे मऊ लागेल, आणि हातात गरम होताना हळूहळू सरळ होईल.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी 'न तुटणारा, न वाकणारा, आठवण ठेवणारा धातू' अशी जाहिरात दाखवली, तर एकच प्रश्न विचारा: कोणत्या तापमानाला? चष्म्याच्या फ्रेमपासून पुलाच्या सळीपर्यंत हा प्रश्न लागू पडतो. उत्तर देताना समोरचा गडबडला, तर समजा त्याने फक्त व्हिडिओ पाहिलाय.

भाग आवडला तर तार लावलेल्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, चहा घ्या!